लपवावी लागणारी गोळी

तो फोन अजून माझ्या कानांतून गेलेला नाही. स्वारगेटजवळच्या पोलीस ठाण्यात मी वरिष्ठ निरीक्षक होतो. फोनवरचे गृहस्थ शुद्ध, संथ मराठीत बोलत होते. हिंजवडीहून कंपनीच्या बसने येणारा एक तरुण संध्याकाळी चौकात उतरेल, त्याच्या चष्म्याच्या डबीत ब्राउन शुगरची पुडी असेल, असे त्यांनी सांगितले. मग विचारले, "आपण त्याला किती दिवस आत ठेवाल?" खबरे सहसा स्वतःला काय मिळेल ते विचारतात. हा प्रश्न मला खटकला.

सापळा लावला, पंचांसमोर झडती घेतली. पुडी डबीतच निघाली. मुलगा इंजिनिअर, चांगल्या घरचा. माल कोण देतो, यावर तो अवाक्षर काढेना. सकाळी पाय पोटाशी घेऊन थरथरत बसला होता, नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होते, अंगावर काटा उभा होता. नाटके करतोय, असे हवालदारांचे मत पडले. नाटके मीही पुष्कळ पाहिली आहेत. अंगावर असा काटा कोणाला मुद्दाम आणता येत नाही. मी त्याला सरकारी रुग्णालयात पाठवले.

दुपारी त्याचे वडील आले. बँकेतून निवृत्त, कडक इस्त्रीचा शर्ट. त्यांनी नमस्कार म्हणताच मी आवाज ओळखला. दार लावून विचारले, तेव्हा फोन आपणच केल्याचे त्यांनी मान्य केले. आत राहिला की व्यसन आपोआप सुटेल, अशी त्यांची समजूत. खबर देणाऱ्याचे नाव आम्ही फोडत नाही. मुलाला ते कधीच कळले नाही.

रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी जिभेखाली ठेवायची गोळी सुरू केली. थरथर थांबली, आणि मुलगा आपणहून बोलला. मांजरी गावातल्या एका नव्या इमारतीत पुरवठा करणारा मालासकट सापडला. आमचे कौतुक झाले. मुलाजवळ माल किरकोळ होता, आणि उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला कायदाही वाट देतो. तो जामिनावर घरी गेला.

डॉक्टरांनी वडिलांना माझ्यासमोर बजावले होते. गोळी दीर्घकाळ चालेल, ती रोज समोर उभे राहून द्या, मनाने बंद करू नका. गोळी तोडली की ओढ परत येते, आणि अंगाची सवय तोवर गेलेली असते. मग पूर्वीइतकेच घेतले तरी श्वास थांबतो.

मुलगा पुन्हा कामाला लागला. ठाण्यात हजेरीला यायचा, अंग भरले होते. एकदा म्हणाला, "सर, हल्ली सकाळी उठल्यावर आधी चहा आठवतो." मला मनापासून बरे वाटले.

पुढे वडील पेढे घेऊन आले; स्वतः मात्र मधुमेहामुळे खाल्ला नाही. लग्न ठरले होते. त्याच दमात, गोळ्या बंद केल्या, हेही सांगितले. येणाऱ्या सुनेला काय सांगायचे, असे म्हणाले.

"आपण साखरेची गोळी किती वर्षं घेताय?" मी विचारले.

"ती लपवावी लागत नाही," ते म्हणाले.

मी डॉक्टरांना कळवले. त्यांनी बोलावले, पण कोणी गेले नाही. मुलाला फोन केला, तर "बाबांना शब्द दिलाय, सर," एवढेच म्हणाला. शब्दाने ओढ थांबत असती, तर रुग्णालये कशाला बांधली असती?

लग्नाच्या आधीच तो न्हाणीघरात मेलेला सापडला, शेजारी रिकामी पुडी. पंचनाम्याला मी स्वतः गेलो. वडिलांच्या कपाटात, साखरेच्या गोळ्यांशेजारी, त्याच्या गोळ्यांची न उघडलेली पाकिटे होती.

"अहो, आपण हृदयविकार लिहा," वडील हळू आवाजात म्हणाले. "पत्रिका वाटून झाल्यात."

मी दिसले तेच लिहिले. त्या माणसाची मला कीव यायला हवी होती. आला तो संताप. लॉकअपमध्ये व्यसन बरे होत नाही, हे मला त्या मुलाने शिकवले. औषध असूनही माणूस घरच्यांच्या अब्रूपायी जातो, हे त्याच्या घराने शिकवले.

दोन दिवसांनी वर्तमानपत्रात त्याच्या निधनाची बातमी आली. फोटो चष्म्यातलाच होता. खाली छापले होते, अल्पशा आजाराने निधन. तो आजारी होता, हे त्या घराने पहिल्यांदाच कबूल केले होते.