अर्धी मिशी आणि अख्खा साखरपुडा

माझी दाढी मऊ आहे, असं मी एकदा लेखी दिलं होतं.

मोबाईलवरून वस्तरा मागवताना विक्रेत्यानं एक अर्ज भरायला लावला होता. तुमची दाढी कशी आहे? मऊ, मध्यम की राठ? जशी दाढी तसं पातं, असा त्यांचा नियम. मऊ दाढीला दोन्ही बाजूंनी आत खोल घासलेलं, कागदासारखं पातळ पातं. राठ दाढीला जाड, जड, पाचरीसारखं पातं. उत्तर प्रामाणिकपणे द्यावं, असंही खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं. मी गेली सत्तावीस वर्षं शाळेत भूमिती शिकवतो. प्रामाणिकपणा मला कुणी शिकवायची गरज नाही, असं म्हणत मी 'मऊ'वर बोट ठेवलं.

आता वस्तुस्थिती सांगतो. माझी मुलगी प्राजक्ता लहानपणी, मी पापा घ्यायला वाकलो की दोन्ही हात गालांवर धरून स्वयंपाकघरात पळायची. सुनंदानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, एकदा माझ्या उशीचा अभ्रा उजेडात धरून दाखवला होता. गाल टेकतो तिथं चाळणी झाली होती. सोलापुरात राहून असलं कापड आणतेस, असं मी तिलाच सुनावलं होतं. (अभ्रा तिच्या माहेरचा होता. पुढचे दोन दिवस मी न बोलता जेवलो.)

हे वस्तऱ्याचं वेड मला लागलं ते व्हिडिओ बघून. त्यात एक गृहस्थ पूजा मांडल्यासारखी साबणाची वाटी, ब्रश आणि चामड्याचा पट्टा मांडून बसायचे आणि तीस अंशांच्या कोनात वस्तरा धरायचे. कोन म्हटल्यावर मी ओढला गेलो. आठवडाभरात मला पात्याच्या घासणीतलं, म्हणजे ते किती खोल घासलंय त्यातलं, इतकं कळायला लागलं की, ते ज्ञान एकट्यानं बाळगणं जड झालं.

मग ते मी युनूसभाईंवर उतरवलं. युनूसभाईंचं सलून आमच्या शुक्रवार पेठेतच, कोपऱ्यावर. बावीस वर्षं माझी दाढी त्यांच्याच हातची. एका रविवारी चार गिऱ्हाईकं बाकावर बसलेली असताना मी खुर्चीतून व्याख्यान दिलं. तुमच्या या अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्याला घासणी म्हणून काही नाहीच, माझ्यासारख्या मऊ दाढीला खोल घासलेलं पातं लागतं, असं बरंच. 'मऊ' या शब्दाला बाकावरच्या एकाला ठसका लागला. युनूसभाईंनी माझ्या गालावरून एकदा हात फिरवला, आरशातून माझ्याकडं बघितलं आणि परत एकदा गरम पाणी लावलं. त्यांना माझं म्हणणं पटलं, असं मी धरलं.

त्यानंतर मी त्यांच्याकडं जायचं बंद केलं. घरीच साध्या रेझरनं खरडत राहिलो आणि त्यांच्या दुकानासमोरून जायला नको म्हणून मागच्या बोळातून शाळेला जाऊ लागलो. पार्सल आलं शनिवारी. पात्यावर नखानं टिचकी मारली की 'टिंग' असा नाजूक आवाज यायचा. मी घरातल्या प्रत्येकाला तो ऐकवला. सुनंदानं ऐकला आणि विचारलं, सोमवारी काय आहे ते लक्षात आहे ना?

होतं की लक्षात. सोमवारी प्राजक्ताचा साखरपुडा होता. व्याही करकंबचे, महादेवाचे भक्त, म्हणून सोमवार त्यांनीच धरला होता. आधीची सगळी बोलणी करकंबला झाली होती, आता ते पहिल्यांदा आमच्या घरी येणार होते. दारात मांडव घातला होता. सुनंदानं तीनदा बजावलं की दाढी रविवारीच युनूसभाईंकडं करून या, सोमवारी न्हाव्यांची दुकानं बंद असतात. मी म्हणालो, ज्याच्या घरी वस्तरा त्याला कसला आलाय सोमवार.

रविवारी तालीम केली. फुग्याला साबण लावून तो न फोडता वस्तरा फिरवायचा, असं व्हिडिओत होतं. मांडवासाठी आणलेल्या फुग्यांतले मी सात फोडले. आठवा वाचला, तेव्हा मी स्वतःला पास केलं. (आठव्यात हवा जरा कमी होती.)

सोमवारी सकाळी साडेसातला मोरीचं दार लावून मी कामाला लागलो. उजवा गाल झकास निघाला, हात फिरवला तर टाईल्स. मी इतका खूश झालो की, डाव्या गालाला साबण नीट भिजूच दिला नाही. आता माझ्या डाव्या गालावरची दाढी म्हणजे निव्वळ काथ्या. ते पातळ पातं तिच्यावर टेकलं, थोडं वाकलं आणि अडकलं. मी कोन तपासला. कोन बरोबर होता. मग मी जरा जोर लावला. पात्यानं तिथून जी उडी मारली, ती थेट वरच्या ओठावर. मी दचकून हात झटकला, तर वस्तरा नळावर आपटला आणि त्याच्या धारेचा टवका उडाला. आरशात बघितलं. रक्ताचा थेंब नव्हता, पण नाकाखालचा तुकडा सोडला तर माझ्या मिशीचा डावा निम्मा भाग वाटीतल्या फेसावर तरंगत होता.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, उरलेली काढून टाकायची. तिथंच तर खरी गोम आहे. आमच्याकडं बाप जिवंत असताना मुलगा मिशी काढत नाही. मिशी गेलेली दिसली की लोक चपला काढायच्या आत विचारतात, कधी गेले? आणि आमचे आप्पा, वय वर्षं एकोणऐंशी, त्या घटकेला नवं धोतर नेसून मांडवात पाहुण्यांची वाट बघत बसले होते. व्याह्यांकडची मंडळी रीतीभातीची. मुलीच्या बापाच्या ओठावरची सफाई बघून त्यांनी सुतक धरलं असतं, साखरपुडा पुढं ढकलला असता, आणि मुहूर्ताला अपशकुन झाला म्हणून मागं फिरले असते तरी आपण काय बोलणार? प्राजक्तानं त्या मुलाला स्वतः पसंत केलं होतं. मुहूर्त अकराचा होता, सोमवार होता, आणि अख्ख्या सोलापुरात जो एक माणूस मला वाचवू शकत होता, त्याला मी महिनाभर तोंड दाखवलं नव्हतं.

मी उपरणं तोंडाला गुंडाळलं, गॉगल लावला आणि मागच्या दारानं सटकलो. एप्रिल महिना. सोलापूरच्या उन्हात तोंड बांधून फिरणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, या एका गोष्टीबद्दल मी त्या दिवशी उन्हाचे आभार मानले. बोळ संपतो तिथं एक जीप माझ्याजवळ येऊन थांबली. काच खाली झाली आणि आतून व्याह्यांनी डोकं बाहेर काढलं. दोन तास आधी!

"अवो, मास्तरांचं घर कुटं हाय हितं? साखरपुडा हाय बगा."

बोललो असतो तर आवाज ओळखला असता. मी नुसता हात केला. पण माझं घर होतं त्यांच्या पाठीमागं, आणि हात गेला पुढं. मग डावीकडं, मग परत डावीकडं, मग लांब सरळ. व्याह्यांनी हात जोडून आभार मानले आणि जीप निघून गेली. सत्तावीस वर्षांच्या मास्तरकीत मी कुणाला चुकीची दिशा दाखवली नव्हती, आणि दाखवली ती पोटच्या पोरीच्या सासऱ्याला.

युनूसभाई घरी पायरीवर लुंगीवर बसून चहा पीत होते. मी समोर उभा राहिलो आणि उपरणं सोडलं. उजवीकडं टाईल्स, डावीकडं काथ्या, वर अर्धी मिशी. त्यांनी कप खाली ठेवला.

"ये किसने किया, मास्तर?"

"मीच केलं."

"मग ठीक हाय," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मला वाटलं, दुसऱ्या न्हाव्याकडं लागलासा."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. चार माणसांसमोर मी नको ते बोललो, चुकलो, असं मी सरळ सांगून टाकलं. आप्पांचं सांगितलं, जीपचं सांगितलं, आज सोमवार आहे हे माहीत असून आलोय हेही सांगितलं. ते उठून आत जाता जाता म्हणाले, "सोमवारी दुकान बंद असतं. हात बंद नसतो."

बाहेर आले ते त्यांच्या वडिलांचा जुना वस्तरा घेऊन. जाड पाठीचा, चांगला वजनदार, पातं पाचरीसारखं. टिचकी मारली असती तर टिंग सोडा, ठक्कसुद्धा वाजलं नसतं. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि गरम पाण्याचा टॉवेल तीनदा तोंडावर दाबला. पट्ट्यावर वस्तरा फिरवता फिरवता ते समजावत होते की पातळ पातं मऊ केसाला लोण्यासारखं चालतं, पण राठ केसासमोर ते वाकतं आणि मग वाट मिळेल तिकडं उडतं. जड पातं वाकत नाही. बावीस वर्षं त्यांच्याकडं माझ्यासाठी दुसऱ्यांदा गरम पाणी का लावलं जायचं, ते मला तेव्हा कळलं.

माझ्या गळ्यावर वस्तरा असताना त्यांनी सहज विचारलं, अर्जात काय लिहिलं होतं म्हणून. मी म्हणालो, मऊ. युनूसभाईंनी वस्तरा उचलला, मिटला, बाजूला ठेवला आणि मग हसले. कारागीर माणूस, गिऱ्हाईकाच्या गळ्यावर धार असताना हसत नाही.

गाल पाच मिनिटांत निघाला. खरं काम मिशीचं. डावीकडं जेवढी उरली होती, तेवढीच उजवीकडं ठेवायची. ते लहान कात्रीनं एकेक केस टिपत होते आणि मी डोळे मिटून महादेवाला आळवत होतो. राहील का, असं मी मध्येच विचारलं, तर म्हणाले, बोलू नका, ओठ हलतोय. शेवटी आरसा दिला. नाकाखाली एक बारीक, कोरीव, पण स्पष्ट मिशी होती. अजून दोन्हीकडनं चार-चार केस गेले असते तर इतिहासातल्या फार वाईट माणसांत माझी गणना झाली असती. पण मिशी होती. मी युनूसभाईंना मिठीच मारली.

धोतर-कोट चढवून मांडवात गेलो तर व्याही नुकतेच टेकत होते. आप्पांनी मला खालीवर न्याहाळलं आणि जवळ बोलावून हळूच म्हणाले, "बारीक केलीस ते ठीक हाय. मी हाय अजून, तेवढं ध्यानात ठेव." मी त्यांच्या पायाच पडलो. लोकांना वाटलं, काय संस्कार आहेत.

मग व्याही-भेट झाली. व्याह्यांनी मला कवटाळलं आणि तक्रार केली की तुमच्या गल्लीत एक तोंड बांधलेला माणूस लई बेकार हाय, त्याच्यापायी आम्ही पाऊण तास फिरलो, थेट रेल्वे स्टेशन बघून आलो. काय एकेक माणसं असतात, असं मी म्हटलं आणि त्यांना आणखी एक ग्लास सरबत दिलं. मागं आचाऱ्याच्या कढईपाशी युनूसभाई पाहुण्यांसारखे उभे होते (त्यांना मी हाताला धरून सोबतच आणलं होतं), त्यांनी तोंडात रुमाल कोंबला. अकराच्या ठोक्याला प्राजक्ताच्या बोटात अंगठी गेली. कुणी काही विचारलं नाही, कुणी काही धरलं नाही. माझ्या छातीवरून जातं उतरवल्यासारखं झालं, आणि मी सगळ्यांदेखत हुंदका दिला.

आठ दिवसांनी फोटो आले. मी चष्मा पुसून एकेक बघितला. प्राजक्ता आहे, जावई आहेत, आप्पा तर ढीगभर आहेत. मी आहे तो कुठं पाठमोरा, कुठं खुर्च्या उचलताना, कुठं नुसता कोटाचा हात. अख्ख्या साखरपुड्यात माझं तोंड समोरून आलेला एकच फोटो आहे. त्यात व्याही मला पेढा भरवतायत, आणि त्यांचा शेतकरी पंजा माझ्या नाकापासून हनुवटीपर्यंत सगळं झाकून बसलाय. म्हणजे त्या दिवशी मी मिशीच काय, अख्खं तोंड मोरीत विसरून गेलो असतो, तरी चाललं असतं.