चाकणची पेंडगुळ तळवड्याला नेताना

लोक प्रवासवर्णन लिहायला लडाखला जातात. मी थेरगावहून चाकणला गेले, तिथून तळवड्याला, आणि परत आले ती अशा मूडमध्ये की घरात दोन दिवस कुणी माझ्याशी धड बोललं नाही. तरीही लिहिते आहे. कारण या रस्त्यानं तुमच्यापैकी निम्मे लोक रोज जातात आणि दुभाजकावर काय मरतंय ते कुणी बघत नाही.

निमित्त झालं उस्मानचाचांच्या फोनचं. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पूर्वी चाकणच्या एका कॉलेजात होते तेव्हा माझी स्कूटर महिन्यातून एकदा तरी चाचांच्या गॅरेजात मुक्कामाला असायची. गॅरेजच्या दाराशी पेंडगुळीचं झुडूप आहे. नर्सरीवाले याला इक्झोरा म्हणतात. चाचांच्या बायकोनं, जुबेदाचाचींनी, कोकणातल्या माहेरून आणून लावलेलं. चाची गेल्या, झाड राहिलं. चाचांचा सकाळचा चहा रोज त्याच्या शेजारी होतो, आणि त्या वेळी कुणी गाडी घेऊन आलं तर त्याला थांबावं लागतं.

"मॅडम, सोमवारी मशीन येतंय," चाचा फोनवर म्हणाले. "रस्ता मोठा होणार. दुकान जातंय ते जाऊ दे, पोरानं, सलीमनं, तळवड्याला शेड भाड्यानं घेतलीय. पण झाडाला मी कुठं ठेवू? ते मेलं तर माझ्याकडे तिचं दुसरं काय नाय."

यावर नाही कसं म्हणणार?

शनिवारी सकाळी निघाले. तुम्हाला जायचं असेल तर गुरुवारी जा. एमआयडीसीला सुट्टी असते, रस्ता श्वास घेतो. मी शनिवारी गेले आणि त्याची शिक्षा भोगली. डांगे चौकातच हिंजवडीच्या कॅब एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या. चिंचवड, भोसरी करत नाशिक रस्त्याला लागले. मोशीच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन मिसळ खाल्ली. मिसळ उत्तम होती, तर्री मागाल तितकी देतात. सगळ्या दिवसात मनासारखं झालेलं तेवढंच, म्हणून आवर्जून नोंदवते.

मिसळीच्या दुकानासमोर दुभाजक होता आणि दुभाजकावर ओळीनं पेंडगुळ. पेंडगुळ कसली, हिरवट-पिवळे ठोकळे! एक माणूस मशीन घेऊन त्यांच्या डोक्यावरून सपासप फिरवत चालला होता. मला राहवलं नाही. रस्ता ओलांडून गेले.

"भाऊ, याला फुलं का येत नाहीत?"

त्यानं मशीन बंद केलं. "जातच तसली हाय मॅडम. शोची हाय. फुलं न्हाई येत."

"अहो, येतात! पण फांदीच्या टोकालाच येतात. तुम्ही दर पंधरवड्याला नेमकी टोकं उडवता. कळी धरायच्या आतच."

त्यानं मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वर्क ऑर्डरमधी कटिंग लिवलंय. फुलं न्हाई लिवली." आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

त्याच्यावर रागावून उपयोग नव्हता, पण ज्यानं ती ऑर्डर लिहिली तो समोर असता तर मी त्याला मिसळीसकट झापलं असतं. या झाडाचा सगळा जीव फांदीच्या शेंड्यावर असतो हो. शेंडा मोकळा सोडला की तिथे फुलांचा गुच्छ धरतो, तळहात भरेल एवढा. प्रत्येक फूल म्हणजे काडीसारखी बारीक लांब नळी आणि वर चार पाकळ्या, बस. मध नळीच्या पार तळाशी. मधमाशी डोकं आपटत बसते. तिथवर पोचायला फुलपाखराची लांब सोंडच लागते. एवढी नाजूक व्यवस्था केलेलं झाड आणा, त्याचे चौकोनी ठोकळे करा, आणि वर म्हणा की जातच तसली. संताप येणार नाही तर काय होईल?

आणि तो पिवळेपणा! दुभाजकात माती म्हणून काय भरतात ठाऊक आहे? राडारोडा. पाडलेल्या भिंतींचं प्लॅस्टर, सिमेंटची ढेकळं, वर दोन बोटं माती. पेंडगुळीला आंबट अंगाची माती लागते, कोकणातल्या जांभ्यासारखी. चुना आणि सिमेंट मिसळलं की मातीतलं लोह जागच्या जागी अडकतं, मुळांना उचलता येत नाही. मग नवं पान पिवळं फुटतं आणि त्यात फक्त शिरा हिरव्या राहतात. चोहीकडे लोखंड कापलं, वाकवलं, जोडलं जातंय, आणि मधल्या पट्टीत ही झाडं लोहावाचून मरतायत. मी गाडीत बसून चाकणपर्यंत एकटीच बडबडत होते.

चाचांचं झाड बघितलं आणि बडबड थांबली. गॅरेजच्या पत्र्याला टेकून माझ्या डोक्याच्याही वर गेलेलं, गर्द हिरवं, आणि प्रत्येक शेंड्यावर शेंदरी गुच्छ. खाली ऑइलचे डाग, टायर, तुटका सायलेन्सर. वर फुलपाखरं. मी वर्गात फळ्यावर काढते ते सगळं तिथे समोर होतं: समोरासमोर पानं, आणि दोन देठांच्या मधे ती बारीक टोकदार खूण, जी कॉफीच्या झाडालाही असते, कारण दोन्ही एकाच कुळातली.

"याला इथे इतकं बरं कसं मानवलं?" मी विचारलं.

"गावची माती," चाचा म्हणाले. "दरसाल गावाला जातो तेव्हा एक गोण एसटीत घालून आणतो. कंडक्टर शिव्या देतो. पण तिची सवय होती ना, झाडाला माहेरची माती घालायची. मी चालू ठेवली."

त्यांच्या लेखी ती बायकोची सवय होती. झाडाच्या लेखी तोच जीव होता. मी त्यांना आंबट माती, अडकलेलं लोह वगैरे सगळं समजावून सांगितलं. ते मान डोलावत राहिले.

मग मी त्यांना सांगितलं की आधी फुलं कापायची. सगळी.

"फुलं पण?"

"हो चाचा. खणताना मुळं तुटणार. तुटक्या मुळांनी पाणी ओढायचं आणि वर फुलं पोसायची, हे जमायचं नाही. निम्मी पानंही काढावी लागतील."

सलीम कात्री घेऊन पुढे झाला. चाचांनी ती त्याच्या हातातून घेतली आणि स्वतः एकेक गुच्छ उतरवला. मला बघवेना, म्हणून मी कुदळ घेतली. पेंडगुळीची कामाची मुळं बारीक असतात आणि वरवर पसरतात. बुंध्याशी खणलं तर झाड हातात येतं आणि मुळं जमिनीत राहतात. लांबून गोल खणायचं, मातीचा गड्डा न फोडता खालून उचलायचा, ओल्या गोणपाटात घट्ट बांधायचा. सलीमचे हात गाडीचं इंजिन उतरवणारे, त्याला हे लगेच जमलं. दुपारी सलीमच्या बायकोनं, शबानानं, तांदळाच्या भाकरी आणि सुकटीची चटणी आणली. टायरवर बसून जेवलो.

छोट्या हत्तीत, म्हणजे त्या लहान टेम्पोत, झाड आडवं घालून निघालो. हायवेनं नको, तिकडे ट्रॉली एकामागे एक उभ्या होत्या. निघोजेच्या बाजूनं आतून आलो. रस्ता अरुंद आहे, खड्डे भरपूर, पण गाडी हलत तरी राहते. दर खड्ड्याला चाचा मागून ओरडायचे, "हळू रे, हळू!" मागे झाडाजवळ बसू नका म्हणून सांगून आमच्या नाकी नऊ आले होते, पण त्यांनी ऐकलं नाही.

तळवड्याची शेड गावातल्या दत्ताभाऊंची. माणूस मोठ्या मनाचा. आम्ही खड्डा खणला, त्यातून विटांचे तुकडे निघाले ते मी शेवटच्या कपचीपर्यंत बाहेर काढायला लावले. तळाशी पालापाचोळ्याचं खत, मग चाचांनी साठवलेल्या गोणीतली लाल माती. झाड उभं राहिलं. बोडकं, पण उभं.

"माती आम्लधर्मी राहिली पाहिजे," मी दत्ताभाऊंना बजावलं. "सामू, म्हणजे पीएच, वाढला तर संपलं."

"काळजी करू नगा मॅडम," ते म्हणाले. "आमच्या जागंत लावलं म्हंजी झाड आमचंच की. उद्या उद्घाटनाला बघा कसं दिसतंय."

रविवारी उद्घाटन होतं. मी पेढे घेऊन गेले. वळणावरूनच पांढरं दिसायला लागलं.

रस्त्यापासून शेडच्या दारापर्यंत दोन्ही बाजूंनी फक्कीच्या रेघा. आपल्याकडे पाहुणा येणार म्हटलं की चुन्याची भुकटी ओतल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. पालखी असो, मंत्री असो, शाळेचं गॅदरिंग असो. इथे तर झाडाभोवती चांगलं वीतभर रुंद गोल कडं केलं होतं, आत चुन्यानंच कमळ काढलं होतं, बुंध्याच्या प्रत्येक फांदीला खाली गेरू, वर चुना. आणि धूळ उडू नये म्हणून सगळ्यावर पाइपनं पाणी मारलं होतं. पाणी! म्हणजे चुना विरघळून सरळ त्या लाल मातीत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेढ्यांचा बॉक्स गाडीच्या टपावर ठेवला आणि मी ओरडले. काय काय ओरडले ते लिहीत नाही.

दत्ताभाऊ धावत आले. "अवो मॅडम, पाव्हणं यायचंत! नुसती काळी-लाल माती बरी दिसती व्हय? पहाटंपास्नं मी सोता बसून काडलंय."

"तुम्ही त्याला विष घातलंत!"

"इष? चुना हाय त्यो. आमी आंब्याला बी लावतो."

"हे आंबा नाही! काल सांगितलं होतं ना, आम्लधर्मी माती!"

"सांगितलं व्हतं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "पर त्यात चुन्याचं कुटं व्हतं?"

नव्हतं. खरंच नव्हतं. वर्गात सगळ्यांना समजतो तो शब्द मी त्यांच्या अंगावर फेकला आणि सांगून झालं असं समजले. याचा राग मला त्या चुन्याइतकाच आला आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं, म्हणून मी पुन्हा दत्ताभाऊंवरच ओरडले.

चाचा तोवर गुडघ्यांवर बसले होते. पांढराशुभ्र नवा कुर्ता, वर जाकीट. दोन्ही हातांनी ओला चुना मातीसकट उपसत होते. दत्ताभाऊ शेजारी बसले आणि उपसायला लागले. सलीम माती खरवडायला पत्र्याचा तुकडा घेऊन आला. मी ओढणीनं फांद्यांवरचा चुना-गेरू पुसत बसले. वरची माती काढली, उरलेली लाल माती सगळी घातली. गोण रिकामी झाली. पण खाली किती मुरलं होतं ते कुणाला दिसणार?

पाहुणे आले. त्यांनी फीत कापली, झाडाशेजारी उभं राहून फोटो काढला, "हरित उपक्रम छान आहे" म्हणाले आणि गेले. चाचा त्या फोटोत चुन्याचे हात मागे लपवून उभे आहेत.

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. या प्रवासाला खर्च काही नाही, पेट्रोल आणि मिसळ. चाकणचं जुनं गॅरेज गेलं. परवा तिथून गेले तर दुभाजकासाठी राडारोडा पडला होता. जाताना बघा, डोकं फिरवून घ्यायचं असेल तर. मी सलीमला हिराकस टाकायला सांगितलं होतं, म्हणजे लोहाचं खत, खताच्या कुठल्याही दुकानात मिळतं. या वेळी साध्या शब्दांत सांगितलं.

आज सकाळी चाचांचा फोटो आला. झाडाला नवी पालवी फुटली आहे. मी फोटो मोठा केला. कोवळी पानं लिंबासारखी पिवळी, आणि त्यांत हिरव्या शिरा स्पष्ट. चाचांच्या झाडाला हा आजार आजवर कधी झालाच नाही, त्यांना ओळखू येणार कुठून? खाली त्यांचा आवाज होता, इतका आनंदी की मी तो एकदाच ऐकू शकले: "मॅडम, बघा, रंग कसा उजळलाय! तिला नवी जागा पसंत पडली."

मी उत्तर दिलेलं नाही. हिराकसची पुडी पर्समध्ये टाकली आहे आणि तळवड्याला निघाले आहे. तो आवाज ऐकल्यावर हे फोनवर सांगायची माझी हिंमत नाही.