ऐकून घेणाऱ्या बाई

आमचे हे न्हावी. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, की कात्रीआधी यांच्या तोंडाचा पट्टा सुरू. दिवसभर उभ्याचं काम. पाय आहेत म्हणून घर चालायचं. साखरेचा आजार होताच. पण डॉक्टरांसमोर या बडबड्याची दातखीळ बसायची. डॉक्टर मान वर न करता विचारायचे, "काय त्रास?" हे म्हणायचे, "बरं आहे." मी मनातल्या मनात धुमसायची.

एकदा डॉक्टरांच्या शेजारच्या खोलीत एका बाईंनी यांना बोलावलं. पेशंटना दवाखान्यात काय अनुभव येतात, यावर त्यांचं संशोधन होतं. "मी डॉक्टर नाही, तुमचं बोलणं कुणालाही सांगणार नाही," असं त्यांनी बजावलं. हे "हो हो" म्हणाले आणि सही ठोकली. मला बाहेर बसवलं. बाहेर आले ते नवरदेवासारखे खुलून. "कुणी असं ऐकून घेतलंच नव्हतं गं! सगळं सांगितलं." नंतर डॉक्टरांनी विचारलं, तर पुन्हा तेच, "बरं आहे."

काही आठवड्यांनी यांच्या मोज्याला वास यायला लागला. जबरदस्तीनं मोजा काढला. अंगठा काळाठिक्कर!

"अहो, डॉक्टरांना का नाही दाखवलंत?"

"त्या ताईंना सांगितलं ना! बाजूच्याच खोलीत बसतात. एवढं रेकॉर्ड केलं, ते काय लोणचं घालायला?"

मी कपाळावर हात मारून घेतला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दुकान गेलं. रोज गप्पा मारायला येणारी गिऱ्हाइकं दारावरूनही जाईनात.

आणि काल त्या बाई घरी आल्या. पुढची मुलाखत म्हणे! माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आता काय ऐकायचं राहिलंय?"

त्यांचे डोळे भरले. "डॉक्टरांना दाखवा असं मी त्यांना म्हटलं होतं हो. पण नुसतं म्हणून थांबायला नको होतं."

आतून हे ओरडले, "येऊ दे त्यांना! माझ्याशी बोलायला दुसरं कोण येतंय?"

मी त्यांना आत सोडलं आणि दाराशी बसले. कितीतरी दिवसांनी यांचा आवाज मोकळा झाला होता. मग एकदम खाली आला.

"ताई, उरलेल्या पायालाही आता चटका कळत नाही. हिला सांगू नका. फार रडते."