पाठवणीची चाल

विलायतेला जाऊन मोठा गायक झालेला आमच्या पेठेतला एकच माणूस, आणि तो माझा वर्गमित्र. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की कुणी सुरुवात केली की मी दुसरीकडे बघायला लागतो.

आमचं घर बँडवाल्यांचं. आजोबा, अब्बा आणि मी, तिघांनीही शिवाजी पेठेतल्या वराती वाजवल्या. माझ्याकडे क्लॅरोनेट. मॅट्रिकला आपटल्यावर हा वर्गमित्र आमच्याबरोबर यायला लागला. वरात चौकात थांबली की दोन गाणी म्हणायचा. आवाज बरा होता. त्याहून जास्त म्हणायला मी काही त्याच्या सत्कार समितीचा अध्यक्ष नाही.

विशीत असताना मी एक चाल बांधली. नवरी निघताना वाजवायची, संथ, शेवटी एका सुरावर थबकणारी. पन्हाळ्याच्या एका लग्नात पहिल्यांदा वाजवली आणि नवरीचा बाप मांडवाचा खांब धरून रडला. हा शेजारीच उभा होता.

"लेका, ही कुठनं आणलीस?"

"आणली न्हाय, केलीया."

परतीच्या वाटेवर त्यानं ती गुणगुणत पाठ करून टाकली. पुढच्या वर्षी तो मामाकडे विलायतेला गेला.

तिथल्या त्याच्या पराक्रमाच्या बातम्या येत राहिल्या. आधी बेकरीत पाव भाजले. मग आपल्या लोकांच्या लग्नांत गायला लागला, म्हणजे इथं करायचा तेच, फक्त कोट घालून. मग स्वतः गाणी लिहायला लागला. गाण्यांत आई, माती आणि मोट हमखास. मोट यानं जन्मात हाकली नव्हती. यांच्या घराच्या मागं गटार आणि पुढं सायकलचं दुकान. शेवटी तो निर्माता झाला. निर्माता म्हणजे दुसऱ्यानं गायचं आणि यानं काचेमागं बसून मान हलवायची, एवढं मला समजलं. पेठ मात्र फुगून गेली.

एकदा त्यानं रेकॉर्ड पाठवली. घरात वाजवायला काही नव्हतं, म्हणून लाउडस्पीकर भाड्यानं देणाऱ्याच्या दुकानात नेली. तिसरं गाणं लागलं आणि मी स्टुलावरून उठलो. माझी चाल. शेवटचं थबकणं तेवढं त्यानं गाळलं होतं, दम पुरला नसेल. कव्हरवर बर्फात उभा राहिलेला त्याचा फोटो, आणि गीत, संगीत, गायन, निर्मिती अशा चारही जागी त्याचंच नाव.

मी पत्र लिहिलं. तीन ओळींचं उत्तर आलं. अशा चाली लोकांच्या असतात, कुणा एकाच्या नसतात, वहिनींना सलाम. वाटणी मागायला मी गेलोच नव्हतो. मला त्याच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, की ही चाल याची आहे. बस्स.

इकडे त्या चालीचं काय झालं होतं, ते त्याला ठाऊक नव्हतं. तो गेल्यावर दोनेक वर्षांत आमच्या तालमीच्या फुटबॉल संघानं शेजारच्या तालमीला फायनलला लोळवलं. आमच्या गावात कुस्तीच्या तालमी फुटबॉलही खेळतात. पोरांनी बँडच मैदानात ओढला. हरलेला संघ मान खाली घालून निघाला तशी कुणीतरी ओरडलं, "मास्तर, पाठवणी वाजवा की!" मी वाजवली. मीही पेठेचाच, मलाही चेव आला होता. हजारो लोक हातरुमाल हलवत खोटंखोटं रडायला लागले. तेव्हापासून गावात जो संघ हरेल त्याची पाठवणी त्याच चालीवर व्हायला लागली, आणि लग्नघरची माणसं सांगायला लागली, "ती हरल्याली चाल नगं." माझी सगळ्यात चांगली चाल मीच घालवली. याचा दोष मी त्याच्यावर टाकत नाही, तेवढा मी सरळ आहे.

ऐंशी सालानंतर तो आला. नाट्यगृहात सत्कार आणि त्याचंच गाणं. समितीत वकील आणि प्राध्यापक, मैदानावरची धूळ न सोसणारी माणसं. त्यानं मला साथीला बोलावलं. "जुना दोस्त मागं बसला की लोकांना बरं वाटतंय," म्हणाला. मराठी जरा अडखळत बोलायचा, घरचं बोलणं विसरल्याचं कौतुक व्हावं म्हणून.

कार्यक्रमाआधीच्या सरावाला त्यानं तेच गाणं काढलं. मी विचारलं, "ष्टेजवर सांगशील न्हवं, चाल कुणाची ते?"

त्यानं माझा खांदा थोपटला. "बघू की. ओघात येतंय ते."

ही चाल इथं गाऊ नको, हे सांगायला माझं तोंड उघडलं होतं. ते 'बघू' ऐकलं आणि मी तोंड मिटलं.

नाट्यगृह भरलं होतं. त्यानं डोळे मिटले आणि माइकवर म्हणाला, "ही चाल मला माझ्या आईनं पाळण्यात ऐकवली." त्याच्या आईला मी ओळखत होतो. तिचा आवाज फक्त नळावरच्या भांडणात लागायचा. मी क्लॅरोनेट ओठाला लावलं. पहिली ओळ संपायच्या आत मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, हरलं की रं!"

"पावणं, किती गोल खाल्लं?"

खुर्च्या हादरल्या. हातरुमाल बाहेर आले. त्यानं दुसरी ओळ रेटली, तिसरीला आवाज फुटला. मी वाजवत राहिलो, शेवटच्या सुरावर थबकलो आणि मगच थांबलो. त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं, मग लोकांकडे, आणि बोट माझ्यावर रोखलं.

"चाल ह्याची हाय! मी न्हाय केली. ह्यानं केलीया!"

मराठी एकदम घरची झाली होती.

दहा वर्षं ज्या वाक्यासाठी झुरलो, ते असं पदरात पडलं. पोलिसापुढं साथीदाराचं नाव सांगावं तसं त्यानं माझं नाव सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. मला संताप आला. आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. मी उठलो आणि कपाळाला हात लावून सलाम केला. त्या सलामाची मला अजून लाज वाटते.

दोन वर्षांनी माझ्या मुलीचं लग्न झालं. मुलगा गारगोटीचा. गाडीत बसायच्या आधी ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "अब्बा, तुमची वाजवा." तिनं ती लहानपणापासून घरात ऐकली होती. मी क्लॅरोनेट उचललं. तेवढ्यात व्याही हात जोडून पुढं आले.

"मास्तर, दुसरं कायबी वाजवा. तुमची ती तेवढी नगं."

चाल कुणाची, हे आता गारगोटीपर्यंत पोचलं होतं. मी दुसरी वाजवली.