वळणावरची घोंगडी

शहराच्या कडेला, पडेगावच्या आमच्या गल्लीत पाण्याची पाइपलाइन वळणापर्यंत आली आणि थांबली. वळणाच्या अलीकडं नळ, पलीकडं आम्ही. आई हातगाडीवर कॅन घालून नळवाल्यांच्या घरून पाणी आणते. लोक देतात, नाही म्हणत नाहीत. पण रोज मागून आणलेलं पाणी घशाखाली उतरताना टोचतं.

आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली, आणि ते सांगायला मला संकोच वाटत नाही. वॉर्डातले नेते पाहणीला येणार असं कळलं तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "तू शिकलेली, तूच बोल. आमी बोललो की भांडण व्हतंय." मी एवढंच विचारणार होते की काम का थांबलं आणि परत कधी सुरू होणार.

पण आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्यांमागं फिरलेली. दारी आलेल्या मोठ्या माणसाच्या खांद्यावर घोंगडी टाकल्याशिवाय आमच्यात बोलणं सुरू होत नाही. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पेटीतून आजोबांची काळी घोंगडी काढली.

"अण्णा, आधी पाणी, मग घोंगडी."

"पाव्हण्याला उभ्या उभ्या जाब इचारतेत व्हय? हेच शिकली का कालेजात?"

नेते आले. मागं पेपरचा बातमीदार आणि चॅनलचा कॅमेरावाला. अण्णांनी घोंगडी टाकली, आईनं ओवाळलं. नेत्यांचा चेहरा झाकला गेला म्हणून कॅमेरावाल्यानं ती पुन्हा एकदा टाकायला लावली. मग तो म्हणाला, "झालं साहेब. छावणी भागात दुसरा कार्यक्रम आहे." मी पुढं होऊन विचारलं तोवर त्याची बॅग बंद झाली होती.

नेते हसले. "ताई, घोंगडी घातली म्हणजे मी घरचाच झालो. घरच्याला कुणी असं विचारतं का?"

अण्णांनी माझा हात धरून मला मागं ओढलं. घोंगडी नेत्यांबरोबर गाडीत बसून गेली.

सकाळी पेपरात मथळा होता, पाणीप्रश्न मार्गी लागल्याचा आणि नागरिकांनी घोंगडी देऊन सत्कार केल्याचा. खाली सगळं घोंगडीबद्दल. पाणी फक्त मथळ्यात. मी तक्रार घेऊन वॉर्ड कार्यालयात गेले तर तिथल्या अधिकाऱ्यांनी मोबाईलवर तीच बातमी पुढं धरली. "सत्कार तुम्हीच केला ना? मग तक्रार कशाची?"

बातमीदाराला फोन लावला. तो काही वाईट माणूस नाही. म्हणाला, "जी पाइपलाइन नाहीच, तिचा फोटो कसा काढू? आणि साहेबांच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात आमच्याकडंच असते. तुम्ही शिकलेल्या आहात, समजून घ्या."

समजून घ्यायचं काम नेहमी आमच्याकडंच येतं. शहराला जुन्या नावानं म्हणावं की नव्या, यावर चॅनलवर रोज घसा फोडून भांडणं चालतात. काहीही म्हणा. नळ दोन्ही नावांनी वळणावरच थांबतो.

निवडणूक लागली तसा वळणावर बॅनर आला. त्यावर तोच फोटो, आईचा अर्धा चेहरा आणि आरतीचं ताट. त्याच्याच सावलीत आई हातगाडी उभी करून दम घेते. "माझा फोटू लई झ्याक आलाय," म्हणते आणि पदरानं घाम पुसते.

मग नेत्यांच्या माणसाचा फोन आला. "ताई, उद्या साहेब येतायत. घोंगडी तयार ठेवा. टीव्हीवर छान दिसतं."

मी फोन अण्णांच्या कानाला लावला. अण्णा म्हणाले, "पयली परत घेऊन या. पानी आलं की मीच टाकतो तुमच्या खांद्यावर."

पलीकडचा माणूस खळखळून हसला. त्याला ती गंमत वाटली. अण्णा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम झाला, पण वळणाच्या अलीकडं, एका नळवाल्याच्या दारात. घोंगडी दुकानातून आणलेली, मशीनवर विणलेली. पेपरातल्या फोटोत काही फरक कळत नव्हता.

संध्याकाळी आईनं त्याच दारातून कॅन भरून आणले.