आयरिश मटण शिजेस्तोवर

दुपारच्या चहाला अजून अवकाश आहे. मोठ्या पातेल्यात मटण, बटाटे आणि गाजरं मंद आचेवर रटरटतायत आणि शशिकांत ऐवळे स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत पेंगतायत. पंख्याची घरघर आणि पातेल्याची रटरट एकमेकांत मिसळत चाललीय. मान छातीवर पडते, ते दचकून सावरतात, पुन्हा पडते.

बेत आयरिश आहे. ओव्हनमध्ये ताक आणि खायचा सोडा घातलेला पाव आहे, कोबी घालून घोटलेले बटाटे झाकून ठेवलेत. कराडात असलं जेवण आजवर कुणी केलं असेल की नाही, देव जाणे. पण आज जयसिंगचा वाढदिवस. जयसिंग डुबल, हायस्कूलला भूगोल शिकवायचा. आयर्लंडचं वेड त्याचंच. रिटायर झाल्यावर त्यानं शशिकांतना भरीला घातलं, दोघांच्या बायकांना तयार केलं, चौघांचे व्हिसाही आले. आणि बॅगा भरायला काढल्या त्याच आठवड्यात जयसिंग झोपेतच गेला. उरलेले तिघं काही गेले नाहीत.

संध्याकाळी फिरायला जाणारा सगळा ग्रुप जेवायला येणार आहे. जयसिंगची बायको कुमुदही येणार आहे. वर्षभरात ती कुणाकडे जेवायला गेलेली नाही. "तिच्यासमोर आयर्लंडचं नाव काढू नका," असं प्रमिलानं, शशिकांतच्या बायकोनं, सकाळपासून तीनदा बजावलंय. "साधं मटण म्हणून वाढा. बिचारीला रडवायचंय का?" ते ऐकून ऐकून शशिकांतचाही धीर सुटलाय. कांदाखोबऱ्याचं वाटण फ्रिजमध्ये तयार आहे. ते टाकलं की झाला रस्सा, कुणाला कळणारही नाही. आता उठावं आणि...

"हे असलं पांढरं काय करून ठेवलंयस रे शशा?"

पातेल्यावर जयसिंग वाकलाय. अंगात प्रवासासाठी घेतलेलं निळं जाकीट, किमतीची चिठ्ठी अजून बाहीला लटकतेय.

"आयरिश आहे," शशिकांत म्हणतात.

"मला सांगतोस? मी तिथूनच तर येतोय." तो पळीभर रस्सा घेतो, फुंकतो, चाखतो. डोळे मिटतो. "जमलंय की लेका! चल, दाखवतो तुला."

जयसिंग कोठीच्या खोलीचं दार उघडतो. आत तांदळाचे डबे नाहीत, आठवीचा वर्ग आहे. बाकं रिकामी, फळ्यावर नकाशा टांगलेला. नकाशाचा कागद वाऱ्यानं फडफडतोय. जयसिंग छडीनं एक हिरवा ठिपका दाखवतो आणि छडी टेकवली तिथूनच आत पाय टाकतो. शशिकांतही टाकतात. पायाखाली गवत आहे, ओलं आणि मऊ, आणि पुढे जमीन सरळ कापल्यासारखी संपलीय. खाली समुद्र उसळतोय.

"तू फोटोत दाखवायचास, हेच ते कडे?"

"हेच. जरा मागं सर, प्रमिला मला शिव्या देईल."

कड्याच्या टोकाला कराडच्या नदीकाठचं, प्रीतिसंगमावरचंच भेळेचं दुकान आहे. दुकानात पांढऱ्या केसांची एक गोरी बाई बटाटे सोलत बसलीय. "या भाऊ, बसा," ती म्हणते.

"ही मराठी कशी काय बोलते?"

"इथं सगळेच बोलतात. मलापण नवल वाटलं. एवढं इंग्रजी सुधारून आलो होतो, सगळं वाया." जयसिंग खो खो हसतो. तेच हसणं, अर्धं तोंडातून, अर्धं नाकातून. शशिकांतनाही हसू येतंय.

"जया, एक विचारू? आजचा हा बेत... वहिनींना त्रास होईल का रे? प्रमिला म्हणते तुझा विषयच नको."

जयसिंग हसायचा थांबतो. सोललेला बटाटा हातात घेऊन उलटसुलट करतो.

"वर्ष झालं, सगळे माझा विषयच काढत नाहीयेत. कुमुद आली की तुम्ही पावसापाण्याचं बोलता. तिला माझ्याबद्दल बोलायचंय रे. ती घोरण्यापास्नं सगळं सांगेल, कुणी विचारलं तर. तुम्ही मला दुसऱ्यांदा कशाला घालवताय?"

तेवढ्यात खालून लाट उसळते, कड्याच्या वर येते, भिंतीएवढी होते. "हात धर!" जयसिंग ओरडतो. शशिकांत हात पुढे करतात, लाट दोघांवर फुटते आणि जयसिंग लहान पोरासारखा आनंदानं किंचाळतो.

बेल वाजतेय.

शशिकांत डोळे उघडतात. पातेलं रटरटतंय, पावाचा खमंग वास सुटलाय. दारातून कुमुदचा आवाज येतो, "जरा लवकरच आले, म्हटलं मदत करावी." मागून आलेली प्रमिला डोळ्यांनी खुणावतेय, गप्प बसा म्हणून.

शशिकांत उठतात.

"वहिनी, आज बेत आयरिश आहे. जयासाठी. आणि आत्ता माझा डोळा लागला होता, तर जया येऊन गेला."

प्रमिला कपाळाला हात लावते. कुमुद स्टूल ओढून ओट्याशी बसते, पदर सावरते.

"काय म्हणाले?"

शशिकांत सांगत जातात. भेळेच्या दुकानाशी येतात तेव्हा कुमुदला हसू फुटतं. इंग्रजी वाया गेलं म्हणताच ती डोळे पुसत म्हणते, "पुस्तक घेऊन न्हाणीघरात मोठमोठ्यानं पाठ करायचे हो, शेजारी विचारायचे कोण पाहुणे आलेत!" आता प्रमिलाही हसतेय. शशिकांत लाटेचं सांगायला हात पुढे करतात आणि तिघंही बघतच राहतात. उजवी बाही कोपरापर्यंत चिंब आहे. थेंब फरशीवर गळतायत.

"घाम असेल," प्रमिला पुटपुटते.

"घाम एवढा गार नसतो." कुमुद बाही मुठीत धरते, पिळते. मग बोट जिभेला लावते. कराडात नद्या दोन, समुद्र एकही नाही.

"खारट आहे भावजी," ती म्हणते, आणि तिच्या तोंडभर हसू पसरतं. "पोहोचले म्हणायचे एकदाचे."