नव्या होडीचा जुना डेक

माझे सासरे होड्या बांधायचे. उमेळ्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर त्यांनी सागाच्या उरलेल्या तुकड्यांतून हातभर लांबीची शिडाची होडी करायला घेतली. बाहेरून रंग झाला, डोलकाठी उभी राहिली, डेकच्या बारीक फळ्या एकेक करून बसल्या आणि त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तोंडातून एकच शब्द निघायचा, "ना."

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर ते डाव्या हाताने होडीकडे बोट दाखवायचे. नेमकं डेककडे. बाकी सगळं रंगवलेलं आणि तेवढाच कोरा, तेव्हा काय राहिलंय ते उघड होतं.

"बाबा, मी पूर्ण करते," मी म्हटलं. मी शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते. द्रावणं पातळ करायची हाताला सवय आहे.

आधी तपकिरी रंग दिला. "ना."

मग व्हिडिओ बघितले. खरा डेक तपकिरी नसतोच, उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने लाकूड राखाडी पडतं. कळंबला जाऊन किनाऱ्यावर उलथी पडलेल्या होडीचे फोटो काढून आणले. तपकिरी घासून काढला. काळ्या-पांढऱ्यात भरपूर पाणी घालून तो रंग फळ्यांवर सोडला, फडक्याने टिपला. सांध्यांत पेन्सिलीच्या रेघा ओढल्या, टाचणीच्या टोकाने खिळ्यांच्या गंजाचे ठिपके दिले. दोन रविवार गेले.

"ना. ना."

"अजून जुना हवा?"

त्यांनी पलंगावर हात आपटला. मी तो होकार धरला.

मग पाणी साचतं तिथे काळपट डाग, डोलकाठीजवळ पावलांनी झिजलेली वाट, मिठासाठी खडूची पूड. नवरा येता-जाता म्हणाला, "आता शीड नको, हिला पेन्शन लाव." मी हसले. बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. या आजारात उगीच रडू येतं, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. मी त्यांचे डोळे पुसले आणि परत ब्रश हातात घेतला.

सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर महिनाभर वटारला नणंदेकडे होत्या. त्या परतल्या तेव्हा होडी बाबांच्या समोरच होती. बाबांनी हत्यारांच्या पेटीकडे बोट केलं. सासूबाईंनी पेटी उघडली, हातोडी दाखवली, पटाशी दाखवली. शेवटी रंध्यातून निघालेला सागाचा एक वळलेला पापुद्रा त्यांच्या हातात दिला. बाबांनी तो डेकवर ठेवला. माझ्या राखाडीवर तो ताजा, पिवळसर पापुद्रा.

"अगं, तुला कोनी सांगितलं हिला म्हातारी कराला?" सासूबाई म्हणाल्या. "त्यांनी कधी जुनी होडी बांधली काय? बांधायची, तेलाचा हात द्यायचा, पान्यात सोडायची. तेल मागत होते ते."

मी लगेच सँडपेपर आणला. राखाडीच्या आधी लाकडाची छिद्रं बुजवणारा अस्तराचा हात दिला नव्हता. रंग आत मुरावा म्हणूनच इतका पातळ केला होता, आणि तो मुरला होता. स्पिरिट लावून बघितलं, तरी निघेना. फळ्या पापडासारख्या पातळ, फार घासलं तर आरपार भोक पडणार. सागाचे तुकडे संपलेले, आणि असले तरी त्या फळ्या बसवणारा हात आता उचलत नाही.

आता रोज चारच्या चहानंतर बाबांना होडी लागते. मी ती ताटावर ठेवून दोन्ही टोकं धरते, नाहीतर ती सरकते. ते डाव्या हाताने सँडपेपर चालवतात. राखाडी हलत नाही. त्याआधी फळी जाईल, हे मला कळतं. त्यांनी जन्मभर लाकूडच हाताळलंय, म्हणजे त्यांनाही कळत असणार. मध्येच थांबून ते डेकवर बोट फिरवतात आणि माझ्याकडे बघतात.

"बाबा, पुरे करायचं?"

"ना."

हा नकार आहे की त्यांच्याकडे दुसरा शब्द नाही म्हणून आलेला आहे, ते मला ठरवता येत नाही. ते परत घासायला लागतात. मी होडी घट्ट धरून बसते.